कुरणशाळेचा विसर

पर्यावरण हा विषय शाळांमध्ये सक्तीचा होऊन दोन दशके उलटली. तरीही शहरातले मूल मातीपासून, पावसापासून आणि अंगणातल्या किड्यामुंग्यांपासून दूरच जात आहे. निसर्ग अभ्यासक्रमात आला, पण मुलांच्या दिवसभरात त्याला जागा मिळाली नाही. असे का झाले आणि वाट कुठे चुकली, याचा हा मागोवा.

जूनचा दुसरा-तिसरा आठवडा म्हणजे शाळा आणि पाऊस यांच्या आगमनाचा काळ. या दिवसांत शहरातल्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात डोकावले, तर पालकांची एकच झुंबड उडालेली दिसते. वह्या, कव्हरे, खोडरबर यांच्याबरोबर मागणी असते ती छापील चित्रांच्या तक्त्यांना. 'पाळीव प्राणी', 'जंगली प्राणी', 'पक्षी', 'कीटक', 'पाण्याचे उपयोग' असे हे तक्ते काही रुपयांत मिळतात. रात्री आई किंवा बाबा ते कातरतात, डिंकाने वहीत चिकटवतात आणि पहिली-दुसरीतल्या मुलाचा 'परिसर'चा प्रकल्प पूर्ण होतो.

त्याच दुकानाबाहेर, पावसाने भिजलेल्या गुलमोहराच्या बुंध्यावरून मुंगळ्यांची रांग चाललेली असते. एखादे मूल तिथे थबकते. मुंगळे तोंडात काय घेऊन चालले आहेत, हे त्याला पाहायचे असते. पण आईला घाई असते, हातात छत्री असते आणि पिशवीत कीटकांचा तक्ता असतो. "चल लवकर, हात लावू नकोस, चावेल," एवढ्यावर तो धडा संपतो. आपल्या पर्यावरण शिक्षणाची सारी विसंगती या एका दृश्यात सामावली आहे.

न्यायालयाचा आदेश आणि प्रकल्पवही

पर्यावरण हा विषय शाळेत आला तो शिक्षणखात्याच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर न्यायालयाच्या रेट्यामुळे. पर्यावरणविषयक जनहित याचिकांसाठी ओळखले जाणारे विधिज्ञ एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये शिक्षणाच्या सर्व स्तरांवर पर्यावरणाचा अंतर्भाव करण्याचे निर्देश दिले. त्याची अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. त्यानंतर राज्योराज्यीच्या मंडळांनी पाठ्यपुस्तके, प्रकल्प आणि श्रेणी यांची जुळवाजुळव केली.

याच सुमारास, २००५ मध्ये, प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने एक शहाणपणाची भूमिका घेतली होती. मूल कोऱ्या पाटीसारखे नसते, ते आपल्या भोवतालातून सतत ज्ञान घडवत असते आणि शाळेने या भोवतालाशी नाते जोडले पाहिजे, असे या आराखड्याचे सूत्र होते. पहिली-दुसरीत परिसर अभ्यासाचे स्वतंत्र पुस्तकच नको, तो विषय भाषा आणि गणितातून सहज यावा, ही कल्पनाही त्यातलीच.

मात्र कागदावरच्या या शहाणपणाची वर्गातली गत वेगळी झाली. जो विषय सक्तीचा, त्याचे मूल्यमापन आले. मूल्यमापन आले की पुरावा आला, आणि पुरावा म्हणजे प्रकल्पवही. शिक्षकाच्या हाताखाली चाळीस-पन्नास मुले, वर माहितीचे रकाने आणि अभ्यासक्रम पुरा करण्याचा धोशा. अशा स्थितीत चाळीस मुलांना घेऊन शाळेमागच्या ओढ्यावर जाण्यापेक्षा चाळीस वह्या तपासणे कितीतरी सोपे. पावसात भिजून एखादे मूल आजारी पडले तर पालकांची तक्रार येणार, पायाला काटा लागला तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यावे लागणार. वही मात्र कोणालाच चावत नाही. शिक्षकांना दोष देऊन इथे भागणार नाही, कारण व्यवस्थेनेच त्यांना या सुरक्षित वाटेवर ढकलले आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे या वयोगटाला 'पायाभूत स्तर' म्हणून प्रथमच औपचारिक रचनेत स्थान दिले. २०२२ मध्ये या स्तराचा स्वतंत्र आराखडाही आला. खेळ, गोष्टी, गाणी आणि प्रत्यक्ष अनुभव यांवर त्याचा भर आहे, हे स्वागतार्हच. पण याच धोरणात ज्या 'दप्तरमुक्त' दहा दिवसांचा गाजावाजा झाला, ते आहेत सहावी ते आठवीसाठी. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जाहीर केलेला 'आनंददायी शनिवार' पहिलीपासून सुरू होतो. म्हणजे ज्या वयात मूल मुंगीपुढे अर्धा तास बसू शकते, त्या बालवाडीच्या वयासाठी निसर्गाचा हक्काचा असा एकही तास नाही.

पेव्हर ब्लॉकचे बालपण

शाळेने हात आखडता घेतला तरी पूर्वी अंगण होते, परसदार होते, गल्लीच्या टोकाला पडीक जागा होती. आता तेही उरलेले नाही. मुंबईत माणशी खुली जागा जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जाते. केंद्राच्या २०१४ च्या नगररचनाविषयक मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा मात्र दहा ते बारा चौरस मीटरची आहे. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याने समोर ठेवलेले उद्दिष्टही चार चौरस मीटरचेच आहे. पुण्यात टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा वाद वर्षानुवर्षे धुमसतो आहे. वेताळ टेकडीवरील प्रस्तावित रस्त्यांना नागरिकांनी केलेला विरोध हा त्याच वादाचा एक भाग.

जी खुली जागा उरली, तिचे आपण काय केले, हेही पाहायला हवे. गेल्या दोन दशकांत सोसायट्यांचे आवार, शाळांची मैदाने, एवढेच काय, झाडांचे बुंधेसुद्धा पेव्हर ब्लॉकखाली गाडले गेले. चिखल होऊ नये, गाड्या लावता याव्यात, झाडलोट सोपी व्हावी, ही त्यामागची कारणे. परिणाम असा की पाऊस पडला तरी मातीचा वास येत नाही, गांडूळ वर येत नाही आणि बेडूक तर औषधालाही सापडत नाही. महापालिकांच्या उद्यानांत रबरी गालिचे, प्लास्टिकच्या घसरगुंड्या आणि 'हिरवळीवर चालू नये' असे फलक असतात. अनेक उद्याने सकाळी दहा-अकराच्या सुमारास बंद होतात ती दुपारी चारनंतर उघडतात. बालवाडी नेमकी या मधल्या वेळात भरते आणि सुटते. उद्यानांचे वेळापत्रक आखताना सकाळी चालायला येणाऱ्या ज्येष्ठांचा विचार झाला, तो योग्यच होता. पण तीन-चार वर्षांच्या नागरिकाचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही.

इथे कायद्यातील एक फटही नजरेआड करता येणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असले पाहिजे, असे म्हटले आहे. परंतु हा कायदा सहा ते चौदा या वयोगटासाठी आहे. त्यामुळे गल्लोगल्ली इमारतींच्या तळमजल्यांवर, दोन खोल्यांत भरणाऱ्या 'प्ले स्कूल'ना ही अट बांधत नाही. नावात 'प्ले' असलेल्या या शाळांत खेळायला जागा नसते आणि भिंतीवर रंगवलेले झाड हेच मुलांचे झाड असते.

संशोधन काय सांगते?

'आमच्या वेळी असे नव्हते' हा सूर लावण्याआधी या तुटलेपणाचा खरोखर काही तोटा होतो का, हे तपासले पाहिजे. या विषयावर गेल्या पाव शतकात बरेच काम झाले आहे. २००२ मध्ये केंब्रिजच्या अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील प्राथमिक शाळांतील मुलांना दोन प्रकारची चित्रे दाखवली. एक संच स्थानिक प्राणी-वनस्पतींचा, दुसरा 'पोकेमॉन' या खेळातील काल्पनिक प्राण्यांचा. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉनची सुमारे ७८ टक्के नावे बिनचूक सांगितली. खऱ्या जीवांची ओळख निम्म्याच्या आसपासच राहिली. यातून निघणारा निष्कर्ष आशादायकही आहे. मुलांची स्मरणशक्ती आणि कुतूहल शाबूत आहे, आपण त्यांच्यापुढे काय ठेवतो एवढाच प्रश्न आहे.

२००५ मध्ये अमेरिकी पत्रकार रिचर्ड लूव्ह यांनी 'निसर्ग-वंचितता' ही संकल्पना मांडली आणि ती जगभर गाजली. ते वैद्यकीय निदान नाही, हे लूव्ह यांनी स्वतःच स्पष्ट केले आहे. त्यामुळे निसर्ग म्हणजे सर्व बालविकारांवरचा रामबाण, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु काही बाबतींत पुरावा भक्कम आहे. चीनमधील ग्वांगचौ शहरातल्या बारा शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांनी रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास मैदानावर घेतला. तीन वर्षांनी त्या शाळांत नव्याने लघुदृष्टीदोष जडलेल्या मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के होते, तर इतर शाळांत ३९.५ टक्के. औषध नाही, उपकरण नाही, केवळ उघड्यावरचा उजेड. लहान वयातच चष्मे लागणाऱ्या आपल्या शहरी मुलांसाठी ही बाब क्षुल्लक म्हणता येणार नाही.

फिनलंडमधील एका छोट्या प्रयोगात, तीन ते पाच वर्षांच्या ७५ मुलांपैकी काहींच्या पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती, गवत आणि रोपांची खोकी आणून ठेवली गेली. अवघ्या २८ दिवसांत त्या मुलांच्या त्वचेवरील उपयुक्त जीवाणूंची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्तीच्या नियमनाशी संबंधित काही घटकांतही बदल दिसले, असे २०२० मध्ये संशोधकांनी नोंदवले. प्रयोग लहान आहे, त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण 'माती लागेल, हात धू' हा आपला धोशा थोडा सैल करण्यास त्याने हरकत नसावी.

याखेरीज आणखी एक धागा आहे. लुईझ चावला या अभ्यासिकेने पर्यावरणासाठी आयुष्य वेचणाऱ्यांना त्यांच्या प्रेरणा विचारल्या. वारंवार दोन उत्तरे आली: लहानपणी एखाद्या नैसर्गिक जागेत मनसोक्त घालवलेला काळ आणि त्या जागेकडे पाहायला शिकवणारे घरातले किंवा ओळखीतले एखादे मोठे माणूस. पाठ्यपुस्तक हे उत्तर तुलनेने क्वचितच आले. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर माधव गाडगीळ यांना पक्ष्यांची गोडी लागली ती वडिलांमुळे, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्यामुळे.

कोसबाडची टेकडी

युरोपातील 'वनशाळां'चे कौतुक आपल्याकडे आता होऊ लागले आहे. जर्मनीत अशा दीड हजारांहून अधिक बालवाड्या आहेत, तिथली मुले बर्फातही जंगलात खेळतात, याची छायाचित्रे पाहून आपण हरखतो. पण याच्याशी नाते सांगणारा प्रयोग मराठी मातीत सात दशकांपूर्वी झाला, हे मात्र आपण विसरलो.

गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची उभारणी करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डीला आल्या. भावनगर आणि मुंबईतील बालशिक्षणाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तो गरिबांच्या मुलांपर्यंत नेणे हे त्यांचे ध्येय होते. अनुताई वाघ त्यांना इथेच येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' या शब्दाचा आणि कल्पनेचा हा उगम. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि हा शब्द देशभर पसरला.

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. तिथली वारली मुले गुरे राखायला जात. पोटाचा प्रश्न असल्याने शाळेसाठी ते काम सोडणे त्यांना शक्य नव्हते. तेव्हा शिक्षक कुरणात गेले आणि 'कुरणशाळा' उभी राहिली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने इथे परवडणारी नव्हती आणि गरजेचीही नव्हती. बिया, शंख-शिंपले, पाने, दगड यांनी मोजणे, जुळवणे, वर्गीकरण करणे शिकवले गेले.

या इतिहासाचे भाबडे गोडवे गाण्याचे कारण नाही. कुरणशाळेचा हेतू पर्यावरण शिक्षण हा नव्हता. शाळेबाहेर राहिलेल्या मुलांना अक्षरओळख व्हावी हा होता. वारली मुलांना निसर्गाची ओळख करून देण्याची गरजच नव्हती. अनेकदा या बाबतीत ती शिक्षकांहून जाणती असत. पण म्हणूनच हा प्रयोग आजच्या शहरांसाठी महत्त्वाचा ठरतो. मूल जिथे आहे तिथे शाळेने जावे आणि हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवावे, हे त्याचे सूत्र होते. 'अंगणवाडी'तले 'वाडी' आपण ठेवले आणि 'अंगण' गमावले. आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. शहरी वस्त्यांतील कितीतरी अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात. ज्या कल्पनेने जगाला उघड्यावरची शाळा दाखवायची, तीच खोलीत कोंडली गेली.

स्मरणरंजनाची दुसरी बाजू

या विषयावर लिहिताना मोठ्या पिढीला आपले बालपण आठवते. चिंचा, बोरे, करवंदे, ओढ्यातले मासे. आठवणी खऱ्याच आहेत. पण त्याच बालपणात चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवले जाई, सरड्याला दगड मारले जात आणि गलोलीने पाखरे टिपली जात, हेही तितकेच खरे. निसर्गाचा सहवास आणि निसर्गाविषयी आस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निपजत नाही. त्यासाठी मधे एक जाणते माणूस लागते.

सालिम अली यांची गोष्ट सर्वपरिचित असली तरी या दृष्टीने ती पुन्हा वाचण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दहा-बारा वर्षांच्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला पक्षी ओळखून दाखवला आणि संग्रहातील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकेक करून उघडून दाखवले. त्या दुपारी त्यांनी मुलाला केवळ दटावून घरी पाठवले असते, तर भारतीय पक्षिशास्त्राचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. मुलाच्या हातून चूक झाली होती. मोठ्या माणसाने तिच्यातले कुतूहल वेचून घेतले.

उलट, केवळ भूतदया शिकवली आणि जाण दिली नाही तर काय होते, हे मुंबईने २०२५ च्या पावसाळ्यात पाहिले. कबुतरखान्यांवरून विधिमंडळापासून उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आणि रस्त्यावरही संघर्ष झाला. कबुतरांची विष्ठा आणि पिसे यांमुळे फुप्फुसांचे गंभीर विकार होऊ शकतात, असे डॉक्टर सांगत होते. दाणे टाकणाऱ्यांची श्रद्धाही खोटी नव्हती. पण मूठभर दाणे टाकणे म्हणजे पक्षिप्रेम, असे लहानपणी मनावर ठसले की आयते खाणे एका जातीची संख्या बेसुमार वाढवते, हे मोठेपणी पटणे अवघड जाते. नागपंचमीला सापाला दूध पाजणे किंवा देशी पोपट पिंजऱ्यात पाळणे यांचीही तीच कथा. साप दूध पिणारा प्राणी नाही आणि देशी पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरीही ही दृश्ये मुलांपुढे 'प्रेम' म्हणूनच येत राहतात.

घोषणा आधी, ओळख नंतर

दुसरे टोक आहे ते भयाचे. बालवाडीच्या स्नेहसंमेलनात चार वर्षांची मुले हिरवे कपडे घालून 'पृथ्वी वाचवा'चे फलक धरतात. ओझोनचा थर, वितळणारे हिमनग, नामशेष होणारे वाघ हे सारे त्यांना पाठ असते. ज्या मुलाने अजून बी रुजताना पाहिलेले नाही, त्याच्या खांद्यावर आपण सबंध पृथ्वीचा भार टाकतो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९० च्या दशकातच याविरुद्ध इशारा दिला होता. चौथीच्या आधी मुलांना पर्यावरणाच्या शोकांतिका सांगू नयेत, असे त्यांचे म्हणणे. आधी जवळच्या सृष्टीशी सख्य जुळावे, मग तिच्या संकटांची जाणीव व्हावी. नाही तर मुले निसर्गाच्या विचारानेच धास्तावतात किंवा कंटाळतात.

वृक्षारोपणाच्या मोहिमांत हा उलटा क्रम अधिकच ठळक दिसतो. के. एम. मुन्शी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैत रोप लावणारा विद्यार्थी हे वृत्तपत्रांतले नेहमीचे छायाचित्र झाले आहे. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार, २०१८ मध्ये तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी असे लागवडीचे संकल्प सोडले गेले. त्यातली किती झाडे जगली, यावर पुढे बराच काथ्याकूट झाला. मुलांच्या बाजूने विचार केला तर प्रश्न आणखी साधा आहे. जुलैत लावलेल्या रोपाला मार्चमध्ये पाणी घालायला ते मूल पुन्हा गेले का? रोप जगले की मेले, हे त्याला कळले का? आकड्यात मोजलेल्या झाडाशी नाते जडत नाही. एकच झाड, पण वर्षभर पाहिलेले, त्याची पानगळ, पालवी, फुले, त्यावरचे पाहुणे ओळखीचे झालेले, असे असेल तर पुढे त्या झाडावर कुऱ्हाड पडताना ते मूल गप्प बसणार नाही.

नावे हरवतात तेव्हा

ओळखीचा मार्ग भाषेतून जातो. शहरातल्या मराठी घरांतही आज मूल 'बटरफ्लाय' आणि 'कॅटरपिलर' म्हणते; सुरवंट, चतुर, नाकतोडा, गोगलगाय, वाणी किडा हे शब्द आजी-आजोबांबरोबर मागे पडत आहेत. माध्यम कोणते असावे हा येथे मुद्दा नाही. पण कुंभ्या, बहावा, पांगारा, काटेसावर हे सारे 'ट्री' झाले की डोळेही त्यांतला फरक टिपायचे सोडून देतात. जून २०२५ मध्ये निवर्तलेल्या मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून हिंडताना आदिवासींकडून, पारध्यांकडून, मच्छीमारांकडून रानातले शब्द आयुष्यभर वेचले. ते शब्द कोशात सुरक्षित राहिले. मुलांच्या तोंडी मात्र ते पोहोचायला हवेत.

आपल्या सणांत ही सोय होती. गणपतीच्या एकवीस पत्री किंवा मंगळागौरीची पत्री गोळा करणे हा घरातल्या मुलांसाठी वनस्पतिशास्त्राचा तासच असे. आघाडा कुठे उगवतो, दूर्वा कशा ओळखायच्या, माका कोणता, हे हिंडताना कळे. आता पत्रीची जुडी बाजारात बांधून मिळते आणि तिच्यात नेमके काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दसऱ्याला तर आपट्याच्या नावाखाली कांचनाच्या फांद्या ओरबाडून विकल्या जातात. एक पान मुलाला दाखवून 'हा आपटा, हा कांचन, फरक शोध' असे सांगणारे घर हे सोने लुटण्याहून मोठे काम करील.

एक कुंडी, एक कोपरा

उपाय खर्चिक नाहीत, हा या प्रश्नाचा दिलासा. मुंबईसारख्या शहरात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. धारावीलगत एकेकाळच्या कचराभूमीवर सुमारे ३७ एकरांत उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ पासून खुले आहे. तिथे मुलांना जरूर न्यावे. पण वर्षातल्या एका सहलीपेक्षा रोजच्या दहा मिनिटांचे मोल अधिक आहे.

खिडकीत कढीलिंबाची किंवा लिंबाची एक कुंडी ठेवावी. कधीतरी एखादे फुलपाखरू येऊन पानावर मोहरीएवढे फिकट पिवळे अंडे ठेवून जाते. त्यातून निघणारी अळी सुरुवातीला पाखराच्या विष्ठेसारखी दिसते; शत्रूला फसवण्याची ती युक्ती. मोठी झाली की ती हिरवीगार होते, डिवचली तर डोक्यामागून नारिंगी-तांबडी शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. मग कोष, आणि तीन-चार आठवड्यांच्या आत एका सकाळी ओले पंख वाळवणारे फुलपाखरू. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले 'ब्लू मॉर्मन' हेही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते. या महिनाभरात मुलाला फोडणीसाठी लागणारी काही पाने अळीसाठी राखून ठेवावी लागतात. आस्थेचा पहिला धडा हाच. आपल्या वाट्यातले थोडे दुसऱ्यासाठी ठेवायचे.

सावधगिरीही शिकवलीच पाहिजे. कण्हेर आणि धोत्रा विषारी असतात, रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, केसाळ सुरवंटाला हात लावू नये, दगडाखाली किंवा बिळात हात घालू नये, साप दिसला की लांब उभे राहून मोठ्यांना हाक मारावी. हे नियम भीती घालण्यासाठी नाहीत. रस्ता ओलांडायला शिकवतो तसेच ते आहेत. रस्त्याची भीती म्हणून आपण मुलाला घरात कोंडत नाही.

शाळा आणि महापालिका यांच्याकडूनही माफक अपेक्षा आहेत. प्रत्येक शाळेच्या आवारात निदान एक कोपरा फरशीविना, खुरपणीविना मोकळा सोडावा. तिथे जे उगवेल ते उगवू द्यावे. केंद्राने २०१९ मध्ये शालेय पोषण परसबागांसाठी सूचना काढल्या. त्या परसबागेत लहान वर्गांनाही आठवड्यातून दोनदा हात मळवू द्यावेत. ज्या शाळांना आणि अंगणवाड्यांना अंगण नाही, त्यांच्यासाठी जवळचे सार्वजनिक उद्यान सकाळी अकरा ते एक या वेळेत राखून ठेवावे. पूर्वप्राथमिक शाळांच्या नियमनाचा विषय निघेल तेव्हा मोकळ्या जागेची किंवा अशा उद्यानाशी जोडणीची अट त्यात असावी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात फलकावरच्या व्याख्यानाऐवजी एक दिवस तरी बाहेर हिंडण्याचा असावा. आणि बालवाडी ते दुसरीपर्यंत परिसराची प्रकल्पवही सरळ बंद करावी.

एक धोका आताच ओळखला पाहिजे. निसर्गाचा सहवास हा हल्ली विकत मिळणारा जिन्नस होत आहे. हजारो रुपयांची निसर्ग शिबिरे, शेतावरचे सप्ताहान्त, 'अनुभव केंद्रे' यांची चलती आहे. ज्यांना परवडते त्यांची मुले काजवे पाहतील आणि वस्तीतल्या अंगणवाडीतले मूल भिंतीवरच्या चित्रातला काजवा पाहील, अशी विभागणी झाली तर ती ताराबाई आणि अनुताई यांच्या कामाची विटंबना ठरेल. म्हणूनच सार्वजनिक उद्याने, टेकड्या, नदीकाठ आणि शाळेचे अंगण यांचा प्रश्न केवळ पर्यावरणवाद्यांचा नाही, तो समान बालपणाचा आहे.

आज पहिलीत असलेले मूल पंधरा-वीस वर्षांनी या शहरांचा मतदार, करदाता, अभियंता, नगरसेवक होणार आहे. टेकडी फोडायची की राखायची, नदीकाठ बांधून काढायचा की मोकळा सोडायचा, याचे निर्णय तेव्हा त्याच्यापुढे येतील. त्या वेळी त्याला पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा लहानपणी थबकून पाहिलेली मुंगळ्यांची रांग आठवण्याची शक्यता अधिक. मात्र त्यासाठी आज बुंध्याशी थबकलेल्या मुलाजवळ छत्री धरून पाच मिनिटे उभे राहण्याची तयारी आपण दाखवायला हवी.